टाऊन हॉलच्या वहीत आपण दोघं

मेलवेल्डे,
शुक्रवार, १४ जून

प्रिय नोएला,

तुझा डावा गुडघा कसा आहे? रविवारी मतदानाच्या शाळेच्या तीन पायऱ्या उतरताना तू कठडा धरलास आणि माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "काही नाही, हवेत ओल आहे." ऊन चांगलं कडकडीत पडलं होतं, ओल कुठली आणलीस? डॉक्टरला दाखव. जोर्जेटचा दमा काय म्हणतो? समुद्राच्या वाऱ्यानं आपल्याला बरं वाटतं असं तुझी बहीण तीस वर्षं सांगतेय आणि तीस वर्षं खोकतेय. वालेरनं विचारलंय म्हणून सांग तिला. ती नाक मुरडेल, तरी सांग. तिचा म्हातारा कुत्रा अजून खुर्च्यांना धडकतो, की आता त्यानं चालणंच सोडलं? आणि तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मासळीवाल्याची बायको सुखरूप बाळंत झाली का? मुलगा की मुलगी?

मी बरा आहे. उजवा कान मात्र आता पुरता गेला. चर्चची घंटा मला फक्त डावीकडून ऐकू येते. शेजारचा ओमेर कंबरेत वाकलाय, पण जीभ सरळच्या सरळ आहे. मागच्या अंगणातल्या लाल बोराच्या झुडपांना यंदा इतका बहर आला, की मी एकटा खाऊन खाऊन किती खाणार? बरण्या भरून ठेवल्यात.

तू म्हणशील, पाच दिवसांपूर्वी समोरासमोर बसून कॉफी प्यालो, तेव्हा ही सगळी चौकशी तोंडानं का नाही केली? बरोबर आहे तुझं. पण आपलं ते तसंच असतं ना. तू पहाटेच्या गाडीनं ओस्टेंडहून येतेस, मी स्टेशनावर उभा असतो, आपण शाळेत जाऊन रांगेत उभे राहतो, मग एक कॉफी, आणि दुपारच्या गाडीनं तू परत. तुझं नाव अजून आपल्या घराच्या पत्त्यावर आहे, म्हणून तुझं मतदान इथं. मत न द्यावं तर सरकार दंड करतं. ज्या कोणी हा कायदा केला, त्याच्या पाया पडावं असं मला प्रत्येक निवडणुकीला वाटतं. माणसं सरकार पडलं की चिडतात. मी मात्र दर वेळी मनातून हरखतो, की चला, पुन्हा मतदान, पुन्हा नोएला. आणि मग तू समोर येऊन बसतेस आणि माझ्या तोंडाला कुलूप लागतं. मी हवेबद्दल बोलतो, तू गाडीच्या वेळेबद्दल. त्यापेक्षा लिहिणं बरं. मला काही शाळेनं लिहायला शिकवलं नाही, तेराव्या वर्षी बापाबरोबर छपरावर चढलो. पण वर्तमानपत्रं वाचून वाचून, जेवणाच्या सुट्टीत कौलावर खडूनं गिरवून गिरवून हात वळला. शुद्धलेखनाला हसू नकोस.

तर रविवारी, तू समोर बसली होतीस तेव्हा, माझ्या कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. टाऊन हॉलचं पत्र. जाड कागद, वर शहराचा शिक्का, आणि पाकिटावर दोघांची नावं, एका ओळीत. श्री. व सौ. अशी, दोघं एकाच दारात उभे असल्यासारखी. आत लिहिलं होतं, की सहा जुलैला आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होत आहेत, त्यानिमित्त महापौर दोघांचा टाऊन हॉलच्या लग्नाच्या दालनात सत्कार करू इच्छितात. ओमेर आणि त्याच्या मार्थाचा झाला होता ना, ती मरण्याआधीच्या वर्षी, तसाच. महापौर नावं वाचून दाखवतात, दोघांनी सोनेरी कडेच्या वहीत सही करायची, एकेक पेला वाईन, आणि पायऱ्यांवर फोटो. तुझ्यासमोर दोनदा माझा हात खिशात गेला. दुसऱ्यांदा तू म्हणालीस, "छातीत दुखतंय का रे?" मी म्हटलं, "नाही, रुमाल शोधतोय." मग रुमाल नसलेल्या नाकाला मी बाहीच लावली, ती तू बघितलीसच.

ओमेरला पत्र दाखवलं तर तो इतका हसला, की त्याला खोकला लागला. "पन्नास? अरे, पंचवीस वर्षं संसार केलात आणि पंचवीस वर्षं मतदान! महापौराला सांग, अर्धाच हार आण म्हणावं." मी त्याला अंगणातून हाकलला. पण रात्रभर डोळा लागला नाही, कारण म्हातारा बोलला ते खोटं नव्हतं. ही काही बरोबर गोष्ट नाही असं मला वाटायला लागलं. टाऊन हॉलला फसवायचं, तेही आपल्या टाऊन हॉलला, ज्याच्या छपरावर मी सोळा वर्षं कौलं बसवली! तेव्हा ठरवलं, की स्वतः जायचं आणि सरळ सांगायचं: आम्ही एकत्र राहत नाही, बायको ओस्टेंडला असते, सत्काराचं काही जमवू नका, तसदीबद्दल माफी असावी. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

काल गुरुवारी गेलो. बाजाराचा दिवस, चौकात चीजवाले, फुलवाले, कोंबड्या भाजणारे. त्यांच्या मधोमध तो आपला टाऊन हॉल उभा, सगळ्या अंगभर दगडाची लेस विणलेला, कमानीकमानीतून राजे आणि संत उभे केलेला. एक बाई परदेशी पाहुण्यांना छत्री वर करून गॉथिक, गॉथिक म्हणत काहीतरी सांगत होती आणि सगळे तोंडं वासून वर बघत होते. मी निळा सूट घातला होता. ओमेर मागोमाग आलाच. "त्याचं टक्कल तुला पाठ आहे, पोटात काय आहे ते कधी बघितलंस का?" म्हणाला. आणि खरंच गं, आयुष्यात मी आत किती वेळा गेलो असेन? आपलं लग्न, बापाच्या मृत्यूची नोंद, आणि काल. शिडीवरून मात्र हजारदा. ओमेरला म्हटलं, "तू कारंज्यापाशी थांब, तुझ्या तोंडानं काम बिघडेल," आणि एकटाच वर गेलो.

आत एक तरुण पोरगी बसते, नावाल नावाची. तिचे आजोबा मोरोक्कोतून आपल्या कापडगिरणीत आले होते. पण पोरगी बोलते ते आपल्या गावचं, नदीकाठचं, ठसक्यात, जोर्जेटलाही जमणार नाही असं. मला पाहिल्याबरोबर उठली. "अगंबाई, सोन्याचे नवरदेव! बसा बसा, आजोबा. नवरीबाई कुठायत?" माझं पाठ केलेलं वाक्य राहिलं बाजूला. मी म्हटलं, "बहिणीकडे गेलीय. पंधरा दिवसांत येईल." म्हणजे बघ, पंचवीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या प्रत्येकाला मी जे सांगत होतो, तेच तोंडातून बाहेर पडलं, अगदी त्याच आवाजात.

मग तिनं वही काढली, आपल्या लग्नाच्या वर्षाची. पोरीनं दोन्ही हातांनी उचलून आणली. पान उघडलं तर तू होतीस. तुझी सही, एकसारखी, जणू सुईनं शिवलेली. आणि खाली माझी, ओळ सोडून वर चढलेली, शेवटचं अक्षर तुझ्या नावाला जाऊन टेकलेलं. तेव्हाचे महापौर म्हणाले होते, "वालेर, छपरावर नाहीस, ओळीत राहा." आणि तू इतकी हसलीस, की तुझ्या टोपीची पिन सुटली. आठवतं? नावाल म्हणाली, "आजोबा, तेव्हापासून बाईंना सोडवत नाही वाटतं?"

पण मी सांगायला गेलो होतो, आणि सांगणारच होतो. शेवटी धीर करून म्हटलं, "पोरी, एक विचारू? समजा, नवराबायकोतलं एक जण दुसऱ्याच गावी राहत असेल, पण नाव इथंच असेल, तर?" ती म्हणाली, "मग आम्हाला कळवायचं. पोलिस दार वाजवून बघून जातो. खरंच राहत नसेल, तर त्या पत्त्यावरून नाव काढतो. आठवड्याचं काम." मग माझ्याकडे जरा रोखून बघत तिनं विचारलं, "कोणाचं आहे असं?" मी म्हटलं, "शेजाऱ्याचं." बिचारा ओमेर! माझ्या डोळ्यांसमोर तो पोलिस आला, आपल्या केटेल गल्लीत, चौदा नंबरला, हातात कागद. आत येऊन काय बघणार तो? तुझा एक एप्रन, खुंटीवर. त्याच्यावरून ठरवणार का, की नोएला इथं राहते की नाही राहत?

तर मी ते वाक्य गिळलं. आणि ती पोरगी कागद पुढं ओढून विचारत सुटली, सत्काराच्या तयारीसाठी. बाईंना वाईन चालते का? मी म्हटलं, अर्धा पेला, पांढरी, थंड नको. गोडात काय? बदामाचं, साय नको, सायीनं तिला मळमळतं. खुर्ची? हातांची द्या, तिला उठताना टेकायला लागतं, गुडघा. कोणत्या बाजूला बसतील? डाव्या, माझा उजवा कान गेलाय. फुलं? गुलाब नकोत, शिंका येतात, वाटाण्याच्या वेलाची ती गोड वासाची असतात ना, ती. नोएला, पोरगी लिहीत होती आणि मी भडाभडा बोलत होतो, मलाच आश्चर्य वाटत होतं, की हे सगळं माझ्यात कुठं ठेवलेलं होतं. पुढचा प्रश्न होता, मुलं, नातवंडं किती येतील. मी म्हटलं, आम्हाला नाहीत. तिनं पेन थांबवलं, मग म्हणाली, "मग मी येईन हं मागं उभी राहायला. गर्दी दिसायला पाहिजे."

मग तिनं दालन दाखवलं. मेणाचा वास, तेच लाकडी छत, तीच उंच खिडकी. मी खिडकीपाशी गेलो आणि समोर, चौकाच्या पलीकडे, तो कॅफे. त्याचा वरचा मजला. आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण तिथं होतं. आजवर मी त्या खिडक्या खालून बघितल्या होत्या. त्यांच्या उंचीवर उभा राहून कधी नाही.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आता लिहितो. मला सगळं आठवतं. शुक्रवारी बार्सिलोनाहून शर्यतीची कबुतरं सोडली होती, त्यात माझीही एक, हजारावर किलोमीटर, आणि मी रविवारी सकाळी चर्चमध्ये आकाशाचाच विचार करत बसलो होतो. जेवणात सूप झालं आणि ओमेर वर आला, माझ्या कानात म्हणाला, "तुझी निळी आलीय. पण घरी नाही गेली, समोर टाऊन हॉलवर बसलीय, राजाच्या डोक्यावर." पायातली रबरी कडी काढून शर्यतीच्या घड्याळात घातल्याशिवाय पाखरू पोचलं असं धरत नाहीत, हे तुला काय सांगायचं. मी उठलो. "आलोच" म्हणालो. लग्नाच्या सुटात, पत्र्याच्या डब्यात वाटाणे वाजवत, मी चौकात उभा राहून तिला बोलावत होतो. चाळीस मिनिटं. वर अकॉर्डियनवाल्यानं पहिल्या नाचाची धून धरली, आपल्या नाचाची, आणि तू माझ्या थोरल्या काकाबरोबर नाचलीस, पाहुणे खिडकीशी गोळा होऊन माझ्यावर हसत होते, आणि तू पण हसत होतीस. मी खालून वर बघितलं होतं तुझ्याकडे, हात हलवून म्हटलं होतं, एक मिनिट!

काल त्या दालनाच्या खिडकीतून मी खाली पाहिलं. कारंज्यापाशी ओमेर उभा होता, माझ्या नावानं दोन्ही हात हलवत, मान वर करून काहीतरी ओरडत. एवढासा. वरून माणूस किती लहान आणि किती खुळा दिसतो, हे मला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. सोळा वर्षं मी ह्याच इमारतीवरून खाली बघत आलो, पण तेव्हा माझी नजर कौलांवर असायची. त्या दिवशी तू मला असं बघितलंस, चाळीस मिनिटं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर टोपी काढत शांतपणे म्हणालीस, "त्या पाखराला तू ज्या आवाजात हाका मारत होतास, तसल्या आवाजात मला पंचवीस वर्षांत एकदाही हाक मारली नाहीस." मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चाळीस मिनिटं गेली, नाहीतर पहिल्या शंभरात होती." देवा रे. आजही ते आठवलं की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

ऑक्टोबरात जोर्जेटचं ऑपरेशन झालं आणि तू पंधरा दिवसांसाठी गेलीस. एक पेटी घेऊन. पंधराचे तीस झाले. ओमेरची मार्था रोज म्हणायची, "अरे, जा ना, घेऊन ये. गाडी थेट जाते." आणि मी काय करत होतो सांगू? मी वाट बघत होतो. मला आयुष्यात एकच विद्या नीट येते, कबुतरांची, आणि त्यातला पहिला धडा हा, की पाखराच्या मागं जायचं नसतं. मागं गेलं की ते बुजतं, पुढच्या छपरावर जातं. आपण अंगणात गप्प उभं राहायचं, कपडे वाळत घालायचे नाहीत, दार वाजवायचं नाही, नुसतं आकाशाकडे बघायचं. ज्याला घर आहे ते येतंच. हे मला इतकं खरं वाटायचं, नोएला, की मी तुझ्या बाबतीतही तेच केलं. मी हललो नाही. घर तसंच ठेवलं, आवाज न करता. आणि तुला तिकडे काय वाटलं असेल, ह्याचा विचारच शिवला नाही, की हा माणूस एकदाही आला नाही, एक पत्र नाही, एक हाक नाही. तू वाट बघत होतीस का गं? विचारायला पंचवीस वर्षं उशीर झाला, ठाऊक आहे. बायको म्हणजे पाखरू नव्हे, हे एवढंसं कळायला मला टाऊन हॉलचे जिने चढावे लागले.

बार्सिलोनाला मी कधीच पाठवायचं सोडलं. आता सहा म्हातारी पाखरं आहेत, त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जावंसं वाटत नाही.

आता मूळ गोष्ट. जाताना नावालनं मला एक कागद दिला, सत्काराला येतो म्हणून दोघांच्या सह्या लागतात. माझी मी तिथंच केली, ह्या वेळी ओळीत. तुझी जागा रिकामी आहे. कागद ह्याच पाकिटात घातलाय. मी खोटं बोललो ते त्या पोरीशी, ते मी निस्तरीन; तुझ्या गळ्यात ते बांधत नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी एकटा जाऊन खरं काय ते सांगेन, महापौरासमोर सांगेन. पण एक काम माझ्याच्यानं होणार नाही. आपल्या पत्त्यावरून तुझं नाव काढा, हे मी सांगणार नाही. ते काढायचं असेल तर तू काढ, तुझ्या हातानं, मी मधे येणार नाही. पंचवीस वर्षांत तू ते का काढलं नाहीस, हेही विचारत नाही. विचारण्याचा हक्क मी घालवलाय. पण सहा जुलैला, शनिवारी, अकरा वाजता मला तू माझ्या डाव्या बाजूला हवी आहेस. फोटोसाठी नाही, वाईनसाठी नाही. मी तुला न्यायला ओस्टेंडला येतो, पहाटेच्या गाडीनं, जोर्जेट दारात उभी राहून काय वाटेल ते बोलू दे. परतीच्या गाडीचं तू ठरव, आणि नाही ठरवलंस तरी चालेल. ये, नोएला.

सह्यांचा कागद नावालला पुढच्या शुक्रवारपर्यंत हवाय. मंगळवारी टपाल निघालं तर गुरुवारी माझ्या हातात पडेल. एवढ्या वेळी उशीर करू नकोस, चार ओळी लिही, दोन लिही, नाही असलं तरी लिही.

तुझाच,
वालेर